परका मजूर स्वस्त का पडतो? एच-वन-बी व्हिसा, सालदार आणि उसाचा कोयता

१९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका आदेशावर सही केली. एच-वन-बी व्हिसावर परदेशातून नवा माणूस आणायचा तर कंपनीने एक लाख डॉलर भरायचे. तेव्हाच्या दराने हे जवळपास ८८ लाख रुपये. सुट्टीवर घरी आलेल्यांनाही हे लागू आहे की काय, या भीतीने पहिले दोन दिवस गोंधळ उडाला. मग खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांसाठी आहे, आधीच व्हिसा असलेल्यांसाठी नाही.

आता आदेशापेक्षा त्यामागचं भांडण समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेतला एक गट म्हणतो, परके येऊन आमच्या नोकऱ्या खातात आणि पगार पाडतात. दुसरा म्हणतो, आमच्या लोकांमध्ये तेवढं शिक्षण नाही, तेवढी मेहनत नाही, मग बाहेरून आणणार नाही तर काय करणार?

हा दुसरा सूर खानदेशात कोणाला नवा वाटायला नको. रावेर, यावल, चोपड्याच्या कुठल्याही पारावर बसा, पाच मिनिटांत ऐकू येईल, "कामाले माणूस भेटत नही भो." गावातली पोरं मोबाईल घेऊन बसतात, म्हणून सातपुड्यातून, मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडून मजूर आणावे लागतात, ही तक्रार केळीवाल्याचीही आणि कापूसवाल्याचीही. तिकडे नंदुरबार-धुळ्याची माणसं दिवाळी झाली की गुजरातेत ऊस तोडायला जातात आणि सुरतच्या लिंबायत-उधना भागात खानदेशी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. म्हणजे आपण एकाच वेळी माणसं आणतोही आणि पाठवतोही. त्यामुळे या वादात आपल्याला एकच बाजू घेऊन चालत नाही. एका हंगामात जो मालक, त्याचाच मुलगा दुसरीकडे परका मजूर असतो.

एच-वन-बी म्हणजे नेमकं काय

१९९० च्या कायद्याने सुरू झालेला हा व्हिसा पदवी लागणाऱ्या कामांसाठी आहे. दरवर्षी ६५ हजार, आणि अमेरिकेतच पुढची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. साधारणपणे सहा वर्षांची मुदत. मंजूर होणाऱ्या दहा अर्जांपैकी सात भारतीयांचे असतात, म्हणून आपल्याकडे याची एवढी चर्चा.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट ही की अर्ज माणूस करत नाही, कंपनी करते. माणूस त्या कंपनीच्या नावावर आत जातो.

पगार पडू नये म्हणून कायद्यात एक अट घातलेली आहे: परक्याला त्या भागातलं 'प्रचलित वेतन' तरी द्यायचं, आणि कंपनी आपल्याकडच्या तशाच माणसाला जास्त देत असेल तर तेवढं. प्रचलित वेतन म्हणजे त्या परिसरात त्या कामाला साधारण जो पगार मिळतो तो. ऐकायला अगदी चोख.

मेख पुढे आहे. हे वेतन चार पायऱ्यांत मोजतात. समजा, एका शहरात एकच काम करणारे शंभर जण आहेत आणि त्यांना पगाराप्रमाणे कमीकडून जास्तीकडे रांगेत उभं केलं. पहिली पायरी म्हणजे रांगेतल्या सतराव्याचा पगार. दुसरी चौतिसाव्याचा, तिसरी पन्नासाव्याचा, चौथी सदुसष्टाव्याचा. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या रांगेच्या मध्यापेक्षा खालीच राहिल्या. अमेरिकेतल्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेने २०२० मध्ये दाखवलं की २०१९ साली मंजूर झालेल्या जागांपैकी ६० टक्के जागा या खालच्या दोन पायऱ्यांवर होत्या. कायदा कुठेच मोडला नाही, तरी मधल्या पगाराखाली माणूस मिळाला. यातले पुष्कळ जण खरोखरच नवशिके असतील, हेही धरायला हवं. पण अनुभवी माणसाला नवशिक्याच्या पायरीवर बसवायची वाट मोकळी राहते.

२०१५ मध्ये ऑरलँडोच्या डिस्नेतली हकिगत गाजली ती याच्याशी जोडलेली. सुमारे २५० तंत्रज्ञांना काढून त्यांचं काम बाहेरच्या कंत्राटी कंपन्यांकडे गेलं, आणि जायच्या आधी आपल्या जागी आलेल्यांना, त्यातले बरेच भारतातून व्हिसावर आलेले, काम शिकवायची पाळी त्यांच्यावर आली. असं झाल्यावर राग परक्या माणसावर निघतो. पगार ठरवणारा त्या वेळी खोलीत नसतो ना.

पगाराच्या आकड्यापेक्षा मोठी गोष्ट

आता नोकरी गेली तर काय होतं ते पाहा. एच-वन-बीवरच्या माणसाला दुसरी कंपनी शोधायला ६० दिवस मिळतात. नाही मिळाली तर सामान गुंडाळून, पोरांची शाळा सोडवून परत यायचं. कायमचं राहायचं म्हणजे ग्रीन कार्ड, आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही. भारतीयांची रांग त्यामुळे कित्येक वर्षांची झाली आहे. कंपनी बदलता येते, कायद्याने २००० सालापासून ते सोपंही झालंय. पण ग्रीन कार्डाचा कागद ज्या कंपनीने पुढे सरकवलाय तिला सोडताना माणूस दहादा विचार करतो. पगारवाढ मागतानाही करतो, आणि रात्री अकराला 'एवढं जरा बघून दे' आलं की नाही म्हणतानाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. परका मजूर स्वस्त पडतो तो परका आहे म्हणून नाही, आणि जात्याच जास्त कष्टाळू आहे म्हणूनही नाही. तो स्वस्त पडतो कारण त्याला सोडून जाता येत नाही. ज्याला उद्या दुसऱ्याच्या वावरात जाता येतं त्याची मजुरी आपोआप वर सरकते.

आपल्याकडे याचे तीन नमुने शेजारी शेजारी सापडतात.

पहिला, निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायांची टोळी. सकाळी गाडीत बसून ज्या गावात चार पैसे जास्त तिथे जातात. काल तुमच्याकडे, आज शेजारच्या गावात. हंगामात त्यांच्या मुकादम बाईला फोन करून करून शेतकरी थकतो. बांधलेलं कोणी नाही, म्हणून भाव त्या ठरवतात. (तरी बायांची मजुरी गड्यांपेक्षा कमीच असते, समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला असला तरी. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

दुसरा, सालदार. गुढीपाडव्याला बोली होते, वर्षाची रक्कम ठरते, काही आगाऊ हातात पडते. पूर्वी ही रक्कम फेडता फेडता माणूस पुढच्या सालात अडकायचा. आता सुरत, नाशिक, एमआयडीसी अशा वाटा निघाल्यामुळे सालदार मिळणंच मुश्कील झालंय आणि सालाची रक्कम लाखाच्या वर गेली आहे. सालदार काही एकाएकी आळशी झाला नाही आणि मालक उदार झाला नाही. सालदाराला जायला दुसरी जागा झाली.

तिसरा नमुना उसाच्या कोयत्याचा, आणि तो सगळ्यात घट्ट बांधलेला. चाळीसगाव-पारोळ्याकडच्या तांड्यांवरची, नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली जोडपी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. समजा उचल एक लाखाची. ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. दोघांनी पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन तोडला तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने. हंगामच मुळात चार-पाच महिन्यांचा. मधे आठ दिवस पाऊस लागला, बाई बाळंत झाली, गाडी आली नाही, की बाकी राहते आणि पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. दिवसाचे ७३२ रुपये दोघांचे, म्हणजे माणशी ३६६. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. एवढ्या फरकासाठी घर बंद करून, पोरांची शाळा बुडवून कोण जाईल? जातात ते दिवाळीआधी एकरकमी लाख रुपये हातात देणारं दुसरं कोणी नसतं म्हणून. दवाखाना, लग्न, घरावरचे पत्रे, सगळं त्या लाखात असतं.

कॅलिफोर्नियातला इंजिनिअर आणि फडातला कोयता यांच्या कमाईत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, त्यांना एका मापाने मोजायचा विचार नाही. पण 'सोडून जाता येतं का' हा प्रश्न दोघांनाही लागू पडतो.

पण आपली पोरं खरंच कष्ट करत नाहीत, त्याचं काय?

डिसेंबर २०२४ मध्ये विवेक रामास्वामी या भारतीय वंशाच्या अमेरिकी उद्योजकाने जाहीर लिहिलं की अमेरिकेची संस्कृती सामान्यपणाचंच कौतुक करत आली आहे, म्हणून कंपन्या बाहेरच्यांना घेतात. तिथे केवढं काहूर उठलं. आपल्याकडे नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. कष्टाचा उपदेश बहुधा वरून खाली येतो, हे एक गंमत म्हणून नोंदवून ठेवतो.

ज्या पोराला घरच्या वावरात कापूस वेचायला नको असतो तोच सुरतेत लूमवर किंवा चाकणला कारखान्यात बारा तासांची पाळी उभ्याने करतो. पोरगं तेच, हाडं तीच. वावरात काम दोन महिने असतं, पाळीचं बारा महिने. वावरातली मजुरी मालकाकडे पैसा आला की मिळते, कारखान्यातली ठरल्या तारखेला खात्यावर जमा होते. आणि सोयरीक जुळवताना मुलीकडचे काय विचारतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'शेतात मजुरी करतो' म्हटलं की बोलणी तिथेच थांबतात, 'कंपनीत आहे' म्हटलं की चहा येतो, मग त्या कंपनीत तो कंत्राटी का असेना.

म्हणून 'काम करायला माणूस नाही' या वाक्यात काही शब्द गाळलेले असतात. पूर्ण वाक्य असं: या मजुरीत, या अटींवर, या मानात काम करायला माणूस नाही. आळशी माणसं असतात, कोण नाही म्हणतंय? पण ती सगळ्याच गावांत असतात आणि दरवर्षी त्यांची संख्या बदलत नाही. मजुरी मात्र बदलते.

परके आले की पगार पडतोच ना?

बहुतेकांच्या मनात काम म्हणजे टोपलीतल्या मोजक्या भाकरी असतात. पाहुणा जेवला की घरच्याची एक कमी. पण आलेला माणूस भाडं भरतो, किराणा घेतो, रिक्षात बसतो, पोराला शाळेत घालतो, त्यातून दुसऱ्यांना काम मिळतं. सुरतेत खानदेशी माणूस गेला तेव्हा त्याच्या मागोमाग भांडी, किराणा, शिलाई, वडापाव सगळं उभं राहिलं. तेव्हा टोपली मोठीही होते. किती मोठी होते आणि कोणाच्या वाट्याची कमी होते, भांडण त्यावर आहे, आणि त्यावर अर्थतज्ज्ञांचंही एकमत नाही.

१९८० मध्ये क्युबातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत अमेरिकेतल्या मायामीत उतरले. शहरातले कामकरी हात एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये आकडे तपासून सांगितलं की स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही. त्यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं. पण जॉर्ज बोर्हास यांनी तेच प्रकरण पुन्हा उघडलं. त्यांचं म्हणणं, सरासरी पाहू नका, शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांकडे पाहा, त्यांची मजुरी चांगलीच घसरली. वाद अजून मिटलेला नाही. मला यातलं पटतं ते इतकंच: परका ज्या कामात येतो, त्याच कामातल्या, त्याच पायरीवरच्या स्थानिकाला झळ बसू शकते. बाकीच्यांना फायदाच होतो, आणि ते बाकीचेच वर्तमानपत्रांत लेख लिहितात.

मग परक्यांना घालवलं की मजुरी वाढेल? हेही अमेरिकेने करून पाहिलंय. १९४२ पासून ब्रासेरो नावाच्या योजनेत मेक्सिकोचे मजूर शेतीच्या हंगामात येत. १९५० च्या दशकात एका वर्षात चार लाखांवर गेले होते. स्थानिकांची मजुरी वाढावी म्हणून १९६४ अखेर योजना बंद केली. मायकेल क्लेमन्स आणि सहकाऱ्यांनी पुढे अभ्यास केला, तर मजुरी काही त्यामुळे वाढलेली दिसली नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडायची यंत्रं आणली, आणि जिथे यंत्र चालत नव्हतं तिथे काही पिकंच सोडून दिली.

आपल्याकडे कापूस वेचायचं यंत्र अजून रुळलेलं नाही. आपली झाडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात आणि तुकडेही लहान. पण मजूर मिळेना म्हणून तणनाशकाचे पंप घरोघरी आलेच, आणि निंदणीच्या बायांचं काम तेवढं कमी झालं. कापूस सोडून मका धरणारे तर खूप आहेत. मक्याला मळणीचं यंत्र फिरवलं की झालं.

शेतकऱ्यालाच परवडत नाही, तो मजुराला कुठून देणार?

या आक्षेपाला मी सगळ्यात जास्त मान देतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, लांब धाग्याचा ८,११०. वेचणी किलोला दहा रुपये धरली तर क्विंटलमागे हजार रुपये फक्त वेचायला. म्हणजे मध्यम धाग्याला जवळजवळ आठवा हिस्सा. त्यात बियाणं, खतं, फवारणी, निंदणी अजून धरलेलीच नाही, आणि बाजारात हमीभावाखाली विकावं लागलं तर गणित आणखी बिघडतं.

दुसऱ्या बाजूने पाहा. पहिल्या वेचणीला बोंडं टपोरी फुटलेली असतात, सराईत बाई दिवसात चाळीस-पन्नास किलो वेचते. शेवटच्या वेचणीला झाडावर बोंडअळीने खाल्लेली कवडी उरते. ती नखाने ओरबाडून काढावी लागते, बोटं सोलतात, आणि संध्याकाळी काट्यावर पंधरा-वीस किलो. त्याच दराने तिला दीडशे-दोनशे रुपये पडतात. म्हणून ती दर वाढवून मागते, आणि शेतकऱ्याला वाटतं, माल हलका झाला तर मजुरी का वाढते? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ओढाताण मात्र त्या दोघांतच होते. कापसाचा भाव ठरवणारे, रुई आयात करायची की नाही हे ठरवणारे त्या वावरापासून फार लांब बसलेले असतात.

मग ८० टक्के जागा स्थानिकांनाच द्या

महाराष्ट्रात हे धोरण नवीन नाही. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत असे आदेश १९६८ पासून आहेत. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये ७५ टक्क्यांचा कायदा केला, हरियाणाने २०२० मध्ये. हरियाणाचा कायदा पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. देशात कुठेही जाऊन पोट भरायचा हक्क घटनेनेच दिलेला आहे.

खानदेशी माणसाने या मागणीला टाळ्या वाजवताना भुसावळहून सुरतेला जाणारी गाडी आठवावी. गुजरातने उद्या हाच नियम लावला तर? केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला, आणि खासदार ते गुजरातच्या नवसारीचे. दोन पिढ्यांत परका इतका घरचा होऊ शकतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सगळ्याच कामांना दिला. आधी १९४८ च्या कायद्यात ठरावीक यादीतल्या कामांनाच तो होता. कागदावर मोठी गोष्ट आहे. पण टनावर आणि किलोवर मोजलेल्या कामाचं किमान वेतन तपासायला फडात आणि वावरात कोण जाणार, हे कोणत्या संहितेने सुटायचं नाही. तिथे उपयोगी पडतं ते उचलीला पर्याय असणं. बचत गटाचं कर्ज, वेळेवर मिळणारी रोजगार हमीची मजुरी, पोरांसाठी गावातच हंगामी वसतिगृह.

आपल्या घरचं कोणी बाहेर निघालं असेल तर

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. त्याच सुमारास इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद करून भारतातून बांधकाम कारागीर नेले, महिन्याला सव्वा लाखाच्या वर पगार सांगून. आखाती देशांची वाट तर जुनीच. तेव्हा एजंटासमोर बसल्यावर पगाराच्या आधी तीन गोष्टी विचारा.

एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे का? ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. कोणी तीन लाख मागत असेल तर ती फी नव्हे, उचलीचाच उलटा प्रकार आहे. कर्ज घरच्यांच्या नावावर राहतं आणि माणूस तिकडे बांधला जातो.

पासपोर्ट कोणाच्या हातात राहणार? मालकाने ठेवून घ्यायचा नसतो.

आणि काम पटलं नाही, पगार थकला, तर तिथल्या तिथे दुसरा मालक धरता येतो का, त्याला कोणाची परवानगी लागते, परतीचं तिकीट कोण काढणार? हे करारात लिहिलेलं दाखवा म्हणावं. करार समजेल अशा भाषेत हवा, आणि त्याची एक प्रत निघायच्या आधी घरी ठेवायची.